हत्तीचा पाऊस आणि पुढचे सात दिवस

घट बसायचे दिवस आले की आपल्याकडे दोन कामं एकदम दारात उभी राहतात. घरात सणाची साफसफाई आणि रानात सोयाबीनची काढणी. त्यातच वर आभाळ भरून येतं. मग बांधावर, पिठाच्या गिरणीवर, गटाच्या बैठकीत एकच प्रश्न असतो. या आठवड्यात पाऊस पडणार का? सोयाबीन कापावं का थांबावं?

मी बचत गटांचं काम पाहते. बैठकीत हप्त्याचा विषय निघाला की तो फिरून पावसावरच येतो, कारण सोयाबीनचे पैसे हातात आल्यावरच बऱ्याच जणींचा हप्ता भरला जातो. म्हणून आज आपण हवामानाचा साप्ताहिक अंदाज समजून घेऊ. त्यातल्या शब्दांचा अर्थ काय, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि तो ऐकून आपण नेमकं काय करायचं, एवढं तीनच गोष्टींवर बोलू.

परतीचा पाऊस म्हणजे काय?

जूनमध्ये पाऊस केरळकडून वर चढत येतो. जाताना तो उलट्या वाटेनं जातो. साधारण १७ सप्टेंबरच्या आसपास तो राजस्थानच्या पश्चिम भागातून माघार घ्यायला लागतो. मुंबईतून तो सरासरी ८ ऑक्टोबरला जातो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून त्याचा निरोप होतो. या सरासरी तारखा आहेत. एखाद्या वर्षी तो आठ-दहा दिवस रेंगाळतोही.

पाऊस परत फिरला, हे हवामान खातं कसं ठरवतं? राजस्थानच्या बाजूला सलग पाच दिवस पाऊस झाला नाही, वारे फिरले आणि हवेतला ओलावा बराच कमी झाला, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की मगच माघार जाहीर करतात. पण एक लक्षात ठेवा. टीव्हीवर "मान्सूनचा परतीचा प्रवास सुरू" अशी बातमी आली म्हणजे आपल्या गावात पाऊस संपला असं होत नाही. ती बातमी राजस्थानची असते. आपल्याकडे त्यानंतर दोन-तीन आठवडे पाऊस येऊ शकतो, आणि तोच काढणीचा काळ असतो.

आपल्या आजी-सासूबाईंना हे वेगळ्या भाषेत माहीत होतंच. साधारण २७ सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्यालाच आपण हत्ती म्हणतो. हादग्याला मुली पाटावर हत्ती काढून फेर धरतात, तो याच नक्षत्राचा मान. हत्तीचा पाऊस गडगडाट करत येतो, थोड्या वेळात धो धो पडतो आणि एका शिवारात पडला तर शेजारच्या शिवारात पडेलच असं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हवामानशास्त्रही तेच सांगतं. फक्त त्यामागचं कारण सांगतं.

दुपारनंतरच का येतो?

श्रावणातला पाऊस आठवा. दिवसभर भुरभुर, ऊन-पावसाचा खेळ. तो पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा असतो. आता हे वारे मंदावलेले असतात. आभाळ सकाळी मोकळं होतं आणि ऊन चटका देतं. जमीन ओली असते, पिकं हिरवी असतात, विहिरी-नाले भरलेले असतात. त्या ओलाव्याची वाफ होते आणि तापलेल्या हवेबरोबर वर चढते. उंचावर गेली की थंड होते, तिचे ढग बनतात आणि दुपारनंतर ते कापसाच्या गंजीसारखे उंच वाढतात. संध्याकाळपर्यंत त्यातून वीज, वारा आणि पाऊस एकदम खाली येतो. रात्री पुन्हा चांदणं.

म्हणून या दिवसांत सकाळचं ऊन बघून दिवसाचा अंदाज बांधू नका. उलट सकाळी दहा-अकरालाच अंगाची लाही होत असेल, घाम वाळत नसेल, तर दुपारी आभाळाकडे जास्त लक्ष ठेवायचं.

हा झाला आपल्याच रानातल्या ओलाव्याचा पाऊस. दुसरा पाऊस लांबून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते आंध्रच्या किनाऱ्यावर येतं आणि तेलंगणातून थेट आपल्या मराठवाड्याकडे सरकतं. २०२१ साली 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. जमिनीवर आल्यावर त्याचा जोर कमी झाला, पण पाऊस बरोबर घेऊन ते इकडे आलं. २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मांजरा धरणातून पाणी सोडावं लागलं आणि नदीकाठची पिकं पाण्याखाली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर २०२० ला, काकीनाड्याजवळ असंच एक क्षेत्र किनाऱ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर-पंढरपूर भागात पावसानं हाहाकार उडवला. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीला सीना नदीच्या काठानं काय झालं, ते तर अनेकींनी स्वतः भोगलं आहे.

यातून एक साधी खूणगाठ बांधा. बातमीत "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा" किंवा "आंध्रच्या किनाऱ्याकडे" असे शब्द आले, तर ती लांबची बातमी म्हणून सोडून द्यायची नाही. तिथून इथं यायला त्याला एक-दोन दिवस पुरतात. तेवढेच दिवस आपल्या हातात असतात.

अंदाजातले शब्द

हवामान खातं आपल्या राज्याचे चार भाग करतं. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. बातमी ऐकताना आधी आपला भाग आणि मग आपला जिल्हा ऐकायचा. "राज्यात मुसळधार" या मथळ्यावरून कुणी विळा खाली ठेवू नये.

आता पुढचे चार शब्द नीट ऐका. तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी आणि बहुतांश ठिकाणी. हे शब्द सहज बोलायचे म्हणून घातलेले नसतात. त्यांना माप आहे. समजा एका भागात पाऊस मोजायची १०० ठिकाणं आहेत. त्यातल्या २५ किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस पडेल, तर ते "तुरळक ठिकाणी". २६ ते ५० म्हणजे "काही ठिकाणी". ५१ ते ७५ म्हणजे "बऱ्याच ठिकाणी". त्याच्या वर गेलं की "बहुतांश ठिकाणी".

याचा अर्थ बघा. "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस" असं सांगितलं आणि तुमच्या गावात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. १०० पैकी ७५ किंवा त्याहून जास्त गावं कोरडी राहणार, हेच त्यात सांगितलेलं होतं. "हवामानवाले काहीही सांगतात" असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याच वेळा आपण हा शब्द ऐकलेलाच नसतो.

दुसरं माप मिलिमीटरचं. एका दिवसात १५ मिलिमीटरपर्यंत पाऊस म्हणजे हलका. त्यापुढे ६४ पर्यंत मध्यम. ६४.५ पासून पुढे मुसळधार, ११५ च्या पुढे अति मुसळधार आणि २०४ च्या पुढे गेला की अतितीव्र. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. म्हणजे ६५ मिलिमीटर पाऊस झाला की तुमच्या एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर! ते पाणी बाहेर जायला चर नसेल तर कापून ठेवलेल्या पिकाचं काय होईल, ते सांगायला नको.

हा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. "आज पाऊस" असं सांगितलं असेल तर त्यात आजची सगळी रात्र आणि उद्याची पहाट धरलेली असते. संध्याकाळपर्यंत पडला नाही म्हणून ताडपत्री काढू नका.

मग रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, पुढची बातमी ऐकत राहा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करायची वेळ आली. काढणीच्या दिवसांत मात्र पिवळ्या रंगालाही हलकं समजू नये. पिवळा बहुतेक वेळा "विजांच्या कडकडाटासह पाऊस" यासाठी असतो, आणि आपण रानात असतो.

सात दिवसांवर सारखा विश्वास नको

अंदाज सात दिवसांचा असला तरी सातही दिवस सारख्या खात्रीचे नसतात. दळणाच्या चाळणीसारखं समजा. जसजसा दिवस जवळ येतो, तसतसा अंदाज बारीक चाळला जातो.

पहिले दोन दिवस: यावर कामाची आखणी करा. मजूर सांगणं, मळणीयंत्र ठरवणं, कापणी सुरू करणं हे यावरून ठरवावं.

तिसरा ते पाचवा दिवस: यावर तयारी ठेवा. ताडपत्री, पोती, चर काढणं, यंत्रवाल्याशी बोलून ठेवणं. पैसे देऊन पक्कं करायची घाई नको.

सहावा आणि सातवा दिवस: हा फक्त कल समजायला. पाऊस वाढतोय का कमी होतोय, एवढंच त्यातून घ्यायचं.

आणि दुपारच्या गडगडाटी पावसाचं तर असं आहे, की तो नेमका कोणत्या गावावर पडणार हे दोन-तीन तास आधीच थोडंफार सांगता येतं. त्यासाठी हवामान खातं दर तीन तासांनी जिल्ह्यांना तात्काळ इशारा देतं.

शेतीसाठीचा खास सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मराठवाड्यासाठी तो परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून येतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकाप्रमाणे काय करावं हे मराठीत असतं. 'मेघदूत' अॅपवरही तो मिळतो. साधा फोन असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

मग रानात काय करायचं?

सोयाबीनच्या नव्वद टक्क्यांवर शेंगा वाळून तपकिरी झाल्या की पीक तयार. इथं दोन्हीकडून पेच असतो. कापून रानात पसरवलं आणि पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. न कापता तसंच उभं ठेवलं तर पावसानंतरच्या कडक उन्हात शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून "थांबा" किंवा "कापा" असं एका शब्दात उत्तर नाही. एक नियम मात्र सगळ्यांना लागू पडतो. जेवढं त्याच दिवशी गोळा करून झाकता येईल, तेवढंच कापायचं. पाच एकर एकदम आडवं करायचं आणि ताडपत्री एकराची, असं नको.

गंजी उंचवट्यावर लावा. खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर द्या, म्हणजे खालून ओल धरणार नाही. भोवती चर काढा. ऊन पडलं की ताडपत्री उघडून वारा लागू द्या, नाहीतर आत वाफ धरून बुरशी येते. मळणीनंतर माल उन्हात वाळवा. हमीभाव खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. घाईत ओला माल नेला की काट्यावर भाव पाडून मागतात. पुढच्या वर्षाचं बियाणं घरचं ठेवायचं असेल, तर पावसात न भिजलेला भाग वेगळा काढा आणि यंत्राचे फेरे कमी ठेवून त्याची मळणी वेगळी करा. सोयाबीनचं बी नाजूक असतं, मार लागला की उगवत नाही.

कापूस फुटला असेल आणि दोन दिवसांत पावसाचा इशारा असेल, तर आधी वेचणी. सकाळचं दव वाळल्यावर वेचा. भिजलेला कापूस कोरड्यात मिसळू नका, नाहीतर सगळ्यालाच कमी भाव लागतो.

ज्वारीसाठी मात्र हाच पाऊस सोन्याचा. जमिनीत ओल मुरली, वापसा आला की रब्बीची पेरणी साधून घ्यायची. म्हणून पावसानंतर लगेच उघडीप सांगितली असेल तर पाभर आणि बियाणं तयार ठेवा. ओल उडून जायला या उन्हात वेळ लागत नाही.

चारा झाकायचं काम शेवटी राहतं. ते आधी करा. भिजून बुरशी आलेला चारा जनावरांच्या पोटात जाऊ देऊ नका.

नुकसान झालंच, तर माल हलवण्याआधी फोटो काढा. फोटोत गट नंबरचा बांध किंवा ओळखीची खूण येऊ द्या. तलाठी आणि कृषी सहायक यांना त्याच दिवशी कळवा. पीक विम्याचे नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून यंदा कशाची भरपाई आहे आणि किती तासांत कळवायचं, हे काढणीच्या आधीच विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवा.

वीज

पिकाचं नुकसान पुढच्या हंगामात भरून काढता येतं. माणसाचं येत नाही. या दिवसांत दुपारी तीन ते सात ही वेळ धोक्याची, आणि नेमकी तेव्हाच आपण कापणीवर असतो.

वीज चमकली की मोजायला लागा. एक, दोन, तीन... गडगडाट तीसच्या आत ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच काम सोडायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. "एवढी सरी झाली की निघू" असं म्हणायचं नाही.

झाडाखाली थांबू नका. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पावसात पाय तिकडेच वळतात. विजेचा खांब, तारेचं कुंपण, विहीर, तळं यांपासून दूर राहा. पक्क्या घरात जा. आडोसा मिळालाच नाही, तर मोकळ्या सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा, कानांवर हात ठेवा आणि मान खाली घाला. जमिनीवर आडवं पडायचं नाही. घोळक्यानं बसायचं नाही, एकमेकींत अंतर ठेवायचं. विळा, खुरपं बाजूला टाकायचं. जनावरं झाडाला बांधून ठेवू नका.

कुणावर वीज पडली तर तिच्या अंगात वीज राहत नाही. तिला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छातीवर दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाब देत राहा आणि दुसरीनं १०८ ला फोन करायचा. ही मदत मिनिटांत मिळाली तर जीव वाचू शकतो. पुण्याच्या हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं अॅप काढलं आहे. जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर ते आधी सूचना देतं.

बातमी कुणाच्या खिशात असते?

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मेघदूत, दामिनी, व्हॉट्सअॅपवरचे इशारे, हे सगळं फोनवर येतं. घरातला चांगला फोन बहुतेक वेळा दादांच्या किंवा पोराच्या खिशात असतो. ते तालुक्याला गेलेले असतात आणि इशारा त्यांच्याबरोबर तालुक्याला गेलेला असतो. रानात वाकून कापणी करणाऱ्या दहा बायांपैकी एकीलाही तो कळत नाही. अंदाज बरोबर असूनही तो आपल्यापर्यंत पोचत नसेल, तर आपल्याला त्याचा उपयोग शून्य.

यावर उपाय गटातच आहे. या आठवड्याच्या बैठकीत चार ठराव करा.

पहिला: गटातल्या एकीकडे हवामानाचं काम द्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिनं सल्ला वाचायचा किंवा फोन करून विचारायचा आणि सगळ्यांना सांगायचा. पुढच्या महिन्यात दुसरी.

दुसरा: कापणीच्या टोळीत रोज एक तरी चालू फोन असलाच पाहिजे, आणि तो आवाज बंद करून पिशवीत ठेवायचा नाही. वीज मोजायचं काम एकीकडे. ती "चला" म्हणाली की सगळ्यांनी निघायचं. मुकादमानं किंवा मालकानं "एवढी पात होऊ द्या" म्हटलं तरी थांबायचं नाही. एकटीला हे बोलणं जड जातं. गटानं ठरवलेलं असलं की सोपं होतं.

तिसरा: ताडपत्री. मोठी ताडपत्री प्रत्येकीनं घेण्यापेक्षा गटाच्या पैशातून दोन-तीन घ्या आणि सावडीनं काढणी करा. आज हिचं कापायचं, झाकायचं, मळायचं. उद्या तिचं. पाळी कशी लावायची ते पिकाच्या तयारीवरून ठरवा, ओळखीवरून नको.

चौथा: पर्जन्यमापक. सरळ काठाचा, खाली-वर सारख्या तोंडाचा डबा मोकळ्या अंगणात ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा आणि वहीत लिहा. एक सेंटीमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. मंडळाच्या ठिकाणचं यंत्र कधी कधी आपल्या शिवारापासून लांब असतं आणि तिथला आकडा आपल्या पावसाशी जुळत नाही. आपली वही सरकारी कागद नाही, पण पंचनाम्याच्या वेळी "आमच्याकडे या तारखेला इतका पाऊस झाला" हे तारखेनिशी सांगता येईल. शाळेतल्या मुलींना हे काम द्या, आवडीनं करतात.

मैत्रिणींनो, पाऊस आपल्या हातात नाही. पण कोणत्या दिवशी किती कापायचं, कधी रानातून निघायचं आणि झाकायला काय तयार ठेवायचं, हे आपल्या हातात आहे. मंगळवारचा सल्ला ऐका, गटात बोला आणि जेवढं झाकता येईल तेवढंच कापा. पुढच्या भागात आपण हरभऱ्याच्या घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची ते पाहू. तोवर काळजी घ्या, आणि दुपारी आभाळाकडे बघत राहा. नमस्कार.